सायकलींची खेप : आधी भाड्याचा हिशेब, मग नफ्याचा

मुंबई-आग्रा रस्त्यावर ज्यांच्या गाड्या धावतात, त्या आपल्या ट्रकमालक बांधवांच्या डोक्यात कधी ना कधी एक विचार येतोच. जाताना नाशिक जिल्ह्यातला कांदा किंवा मालेगाव-भिवंडीचे कापड भरून गाडी उत्तरेला जाते. परतीचे भाडे शोधत ती पंजाबात उभी राहते. समोर लुधियाना आहे, म्हणजे देशातल्या सायकलधंद्याचे माहेरघर. १९५६ साली तिथे हिरो सायकल्स सुरू झाली. आज त्या शहरात मोठ्या कंपन्यांबरोबरच फ्रेम, रिम, चेन, पायडल बनवणारे लहान-मोठे असंख्य कारखाने आहेत. तेव्हा मालकाला वाटते की परक्याचा माल परक्या भाड्याने वाहण्यापेक्षा स्वतःच्या पैशाने सायकली घ्याव्यात, स्वतःच्या गाडीत भराव्यात आणि गावी आणून विकाव्यात. त्यातही जाड टायरच्या, गिअरच्या, ज्यांना बाजारात 'एमटीबी' किंवा 'रेंजर' म्हणतात, त्या डोंगरी सायकलींवर नजर जाते, कारण शाळा-कॉलेजच्या पोरांना त्याच हव्या असतात.

विचार वाईट नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने व्यापारही करावा, यात गैर काय? पण या धंद्यात उतरणारा ट्रकमालक सायकल खरेदी करतो तो ट्रकवाल्याच्या नजरेने. हौदा भरला की तो समाधानी होतो. सायकलीचा धंदा हौद्यावर चालत नाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्या ट्रकमालकाला गाडीचे भाडे मालावर चढवण्याची आणि एका चांगल्या सायकल मिस्त्रीला नफ्यात भागीदार करण्याची तयारी आहे, त्यानेच ही खेप आणावी. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या सायकली भाड्याने वाहाव्यात. त्यात इज्जतही आहे आणि रोख पैसाही.

गाडी भरते, वजन भरत नाही

प्रथम मापाचा हिशेब मांडू. खोक्यात बंद केलेली डोंगरी सायकल साधारण ५४ इंच लांब, ३० इंच उंच आणि ८ इंच रुंद जागा घेते. वजन खोक्यासकट १८ किलोच्या आसपास. आता १४ फुटी गाडी घ्या, हौदा ६ फूट रुंद. लांबीत ३ खोकी बसतात, रुंदीत ९, आणि उभी ठेवून एकावर एक दोन थर. एकूण झाली ५४ सायकली. त्यांचे वजन ९७२ किलो, म्हणजे टनालाही थोडे कमीच. साडेतीन-चार टन ओढणारी गाडी एका टनात 'भरली'.

त्याच सायकली जोडलेल्या अवस्थेत, हँडल आडवे वळवून उलटसुलट उभ्या केल्या, तर त्याच हौद्यात पंधराच्या आसपास बसतात. म्हणून दुरून माल आणायचा तर जोडलेली सायकल आणणे हा शुद्ध तोटा आहे. जोडलेली सायकल टेम्पोतून फार तर शेजारच्या तालुक्याला न्यावी.

सायकल हा असा हलका पण जागा खाणारा माल आहे. म्हणूनच ट्रान्सपोर्टवाले त्याचे भाडे काट्यावरच्या वजनावर लावत नाहीत, जागेवर लावतात. आपले भाऊ इथेच फसतात. 'माल हलका आहे, गाडीला त्रास नाही, डिझेलही कमी लागेल' असे म्हणून ते खूश होतात. पण जागा संपली की गाडीची कमाई संपली. उरलेले तीन टन हवेचे वाहिले, तर त्याचे पैसे कोण देणार?

'आपलीच गाडी, भाडे कसले?'

या एका वाक्याने अनेक घरे बसवली आहेत. समजा, लुधियानाहून मालेगावपर्यंत या गाडीला दुसऱ्याच्या मालाचे परतभाडे ४३,२०० रुपये मिळाले असते. तुम्ही स्वतःच्या सायकली भरल्या, म्हणजे ते ४३,२०० सोडले. हा खर्चच आहे, तो खिशातून गेलेला दिसत नाही एवढेच. ५४ सायकलींवर वाटला तर प्रत्येकी ८०० रुपये पडतात.

आता उदाहरणासाठी दोन प्रकारच्या सायकली धरू. एक बिनगिअरची, खरेदी ६,००० रुपये. दुसरी २१ गिअरची, खरेदी १२,००० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही या धंद्याला मोठी सवलत आहे. तरी पहिलीवर ३०० आणि दुसरीवर ६०० रुपये कर येतोच. जीएसटीची नोंदणी असेल तर हा कर पुढच्या विक्रीच्या करातून वजा मिळतो. नसेल तर तो तुमच्याच किमतीत बसतो. जोडणीची मजुरी पहिलीला २५० आणि दुसरीला ५०० धरा. भाडे दोघींना सारखेच, ८०० रुपये. अशा रीतीने पहिली दुकानात उभी राहते ७,३५० रुपयांना आणि दुसरी १३,९०० रुपयांना.

लक्ष द्या : ६,००० च्या सायकलीवर भाड्याचा बोजा १३ टक्क्यांच्या वर जातो, १२,००० च्या सायकलीवर तो ७ टक्क्यांच्या आत राहतो. स्वस्त सायकल खोक्यात घालून दीड हजार किलोमीटर आणणे परवडत नाही, ते यामुळे. स्वस्त माल सुटा आणावा. फ्रेमचे गठ्ठे, चिमटे, रिम, टायर-ट्यूब, चेन, पायडल असे वेगवेगळे आणले तर त्याच हौद्यात बरेच जास्त नग येतात, गाडी वजनानेही भरते आणि जोडणीचे काम आपल्याच गावच्या कारागिराला मिळते. काळी साधी सायकल दुकानदारांकडे याच पद्धतीने येत असे आणि मिस्त्री ती उभी करीत असे. गिअरच्या सायकली मात्र खोक्यातच आणाव्यात, कारण त्यांचे भाग नाजूक आणि एकमेकांशी जुळवलेले असतात.

ट्रकवाल्याचा पैसा आणि दुकानदाराचा पैसा

भाड्याचा पैसा आठ-पंधरा दिवसांत फिरतो. सायकलीचा पैसा महिनोन्महिने अडकतो. वरच्या हिशेबाने ४० बिनगिअरच्या आणि १४ गिअरच्या सायकली आणल्या तर ४,८८,६०० रुपये मालात गुंतले. सायकल विकली जाते ती जूनमध्ये शाळा उघडताना, दिवाळीला, ईदला आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर. मधले महिने दुकानदार धूळ झटकत बसतो. ट्रकचा हप्ता मात्र मोसम पाहत नाही. तीन हप्ते थकले की ज्या गाडीच्या जोरावर व्यापार मांडला, तीच ओढून नेली जाण्याची वेळ येते. म्हणून पहिल्या खेपेला पूर्ण गाडी भरू नये. पंधरा-वीस सायकली स्वतःच्या घ्याव्यात आणि उरलेल्या जागेत दुसऱ्याचे भाडे भरावे.

२०२० च्या टाळेबंदीनंतरचे दिवस आठवा. जिम बंद, बसगाड्या बंद. जो तो गिअरची सायकल मागू लागला आणि दुकानांत माल मिळेना. ती तेजी कायमची समजून ज्यांनी चढ्या भावाने माल भरला, त्यांच्याकडे लाट ओसरल्यावर खोकी पडून राहिली. बाजाराची लाट पाहून गाडी भरणारा नेहमी उशिराच पोहोचतो.

काय घ्यावे, काय घेऊ नये

डोंगरी सायकल जन्मली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, १९७० च्या दशकात, डोंगरउतारावरून जुन्या सायकली पिटाळणाऱ्या हौशी तरुणांच्या हातून. आपल्याकडे ती डोंगरावर क्वचितच जाते. ती जाते क्लासला, कारखान्याला, शेताला. गिऱ्हाईक तिच्याकडे पाहते ते जाड टायर, डिस्क ब्रेक आणि शॉकअप पाहून. हे दिसायला ठीक आहे, पण खरेदी करणाऱ्याने आत पाहावे.

चाकाचे माप २६, २७.५ आणि २९ इंच अशा तीन प्रकारांत येते. लहान मुलांसाठी २० आणि २४ इंची असते. तालुक्याच्या गावात २९ इंची गाडीभर आणली तर ती विकणार कुणाला? तिचा टायर फाटला तर तो मिळणार कुठे? सगळी मापे मिसळून घ्यावीत आणि २४-२६ वर भर ठेवावा. मागचा शॉकअप असलेली स्वस्त सायकल टाळावी. ती जड असते, तिचे सांधे लवकर खिळखिळे होतात आणि पायडलची ताकद शॉकअप दाबण्यातच जाते. डिस्क ब्रेक केबलचा असेल तर गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो. तेलाचा असेल तर त्याची वेगळी अवजारे आणि वेगळे शिक्षण लागते. अल्युमिनियमची, म्हणजे 'अलॉय'ची फ्रेम हलकी असते आणि गंजत नाही, पण तडकली तर साध्या वेल्डिंगने ती भरवशाची होत नाही. लोखंडी फ्रेम जड, पण तिला कुणीही टाका मारू शकतो. ज्या गावात जी दुरुस्ती होऊ शकते, तीच सायकल त्या गावात विकावी.

सायकलीबरोबर सुटे भाग त्याच गाडीत आले पाहिजेत. गिअरच्या केबल, ब्रेकचे पॅड, सात गिअरचे फ्रीव्हील, मागचा डिरेलर आणि तो ज्या पट्टीवर बसतो ती हँगर पट्टी. ही पट्टी प्रत्येक फ्रेमची वेगळी असू शकते. ती वाकली तर गिअर पडत नाहीत, आणि शे-दोनशेच्या तुकड्यासाठी बारा हजारांची सायकल भिंतीला टेकून राहते.

एक इशारा विशेष. मोठ्या कंपन्या आपला माल नेमलेल्या डीलरांमार्फत देतात. रस्त्यावरून आलेल्या ट्रकवाल्याला तो सहसा मिळत नाही. मग कुणीतरी सांगतो, 'फ्रेम साधी घ्या, स्टिकर हवे त्या कंपनीचे लावून देतो.' हा मोह कटाक्षाने टाळावा. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोटी छाप लावणे आणि तसा माल विकणे, दोन्हीला किमान सहा महिने कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या गल्लीत आपल्याला रोज सलाम घ्यायचा-द्यायचा आहे, तिथे खोटे नाव चिकटवून माल विकणे शोभत नाही. बिननावाची सायकल बिननावाची म्हणून विकावी, ऐब असेल तर सांगून विकावी. गिऱ्हाईक परत येते.

भरणे आणि उतरवणे : हाही एक हुन्नर

कांद्याची गोणी फेकली तर चालते, सायकलीचे खोके फेकले तर चालत नाही. हमालांना हे आधी सांगावे, आणि हमाली दोन पैसे जास्त द्यावी लागली तर द्यावी.

खोके नेहमी उभे ठेवावे. आडवे ठेवून वर दुसरी रास घातली की खालचा डिरेलर आणि ब्रेकची थाळी वाकलीच समजा. चेनच्या बाजूला गिअरचे नाजूक भाग असतात, त्या बाजूवर शेजारच्या मालाचा दाब येऊ देऊ नये. पुढचे चाक काढलेले असेल तर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा अडसर हवा. नाहीतर चिमटा आत दबतो आणि चाक बसत नाही. तेलाच्या ब्रेकची सायकल असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक कुणी दाबू नये, म्हणून पॅडमध्ये पुठ्ठा घालतात. खोक्यांच्या वर तेलाचे डबे, लोखंडी सामान असे काहीही ठेवू नये. पावसाळ्यात ताडपत्री दुहेरी घालावी. भिजलेल्या पुठ्ठ्याचा खालचा थर बसतो आणि वरचा थर त्याच्यावर कोसळतो.

जोडलेल्या सायकली जवळपास न्यायच्या असतील तर पायडल काढावेत, एकीचे तोंड दुसरीच्या शेपटीकडे करावे, मध्ये जुनी गोधडी किंवा पुठ्ठा घालावा. दोर फ्रेमच्या मधल्या नळीवर करकचून आवळू नये. पातळ नळीला खड्डा पडतो आणि रंग सोलतो. दोर चाकांजवळून घ्यावा. परदेशात पिकअपवाले फाळक्यावर गादी टाकून पुढचे चाक बाहेर लोंबकळत नेतात. त्याची नक्कल आपल्या रस्त्यावर करू नये. हौद्याबाहेर माल निघाला तर २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तो वेगळाच.

कागद आणि जबाबदारी

पूर्वी नाक्यानाक्यावर जकात भरावी लागे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईचा जकात नाकाही उठला. पण कागद गेले नाहीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांवरचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागते, मग गाडी स्वतःची असो वा भाड्याची. प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. दीड हजार किलोमीटरला आठ दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर त्या गाडीचा नंबर बिलात बदलून घ्यावा. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळू शकते. सेंधव्याच्या घाटात गाडी उभी असताना हे आठवून उपयोग नाही. ड्रायव्हरला निघतानाच समजावून द्यावे.

गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. गाडीच्या पॉलिसीत हौद्यातल्या सायकली येत नाहीत. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. पाच लाखांच्या मालावर तो न घेणे म्हणजे जुगार खेळणे.

जे बांधव दुसऱ्याच्या सायकली वाहतात, त्यांनी आणि जे दुकानदार ट्रान्सपोर्टने माल मागवतात, त्यांनीही एक कायदा माहीत करून घ्यावा. १८६५ चा जुना कॅरिअर्स कायदा जाऊन २००७ चा रस्तेवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. येईल त्याचा माल भाड्याने नेणाऱ्याला त्यात नोंदणी सांगितली आहे. मालाचे नुकसान झाले तर वाहतूकदाराची चूक सिद्ध करण्याचा भार मालधन्यावर नाही. पण भरपाईला मर्यादा आहे. जास्त किमतीची जोखीम आधी लिहून दिली नसेल तर भाड्याच्या दहापट, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. म्हणजे ४,००० रुपये भाडे देऊन पाच गिअरच्या सायकली मागवल्या आणि त्या गेल्या, तर हातात जास्तीत जास्त ४०,००० पडतील. सायकली मात्र ६३,००० च्या होत्या. तेव्हा बिल्टी करताना खरी किंमत लिहावी आणि जास्त जोखमीचा दर विचारावा. माल उतरवताना खोके फाटलेले दिसले तर पोचेवर तसे लिहून मगच सही करावी, फोटो घ्यावा. दाव्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. तोंडी भांडण कितीही मोठे झाले तरी त्याची नोंद कुठे होत नाही.

मिस्त्रीला मजूर समजू नका

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोक्यातून निघालेली सायकल ही सायकल नसते. हँडल, पुढचे चाक, सीट, पायडल बसवायचे, चाकाचा आऊट काढायचा, ब्रेक जुळवायचे, एकवीस गिअर एकेक करून पाडून पाहायचे. हे काम नीट झाले नाही तर नवी सायकल आठ दिवसांत कुरकुरते आणि गावभर नाव खराब होते. ज्याच्या हातात हे कसब आहे, तो आपल्या मोहल्ल्यात छोट्या टपरीत पंक्चर काढत बसलेला असतो. ट्रकमालक त्याला बोलावतो आणि 'नगामागे शंभर घे' म्हणतो. तोही घाईघाईत पाने फिरवून मोकळा होतो. दोघांचेही नुकसान.

याऐवजी त्याला खरेदीलाच सोबत न्यावे. लुधियानाच्या कारखान्यात फ्रेमचा सांधा, रिमचा आऊट, फ्रीव्हीलचा आवाज तो ओळखेल, हिशेबनीस ओळखणार नाही. कोणते सुटे भाग किती आणायचे हे तोच सांगेल. विकलेल्या प्रत्येक सायकलीच्या नफ्यात त्याचा वाटा ठरवावा आणि तो लिहून ठेवावा. पहिल्या दोन महिन्यांची मोफत दुरुस्ती त्याच्याकडे असू द्यावी. आता सायकली घरपोच खोक्यातून येऊ लागल्या आहेत आणि त्या जोडायलाही लोक याच मिस्त्रीला शोधत येतात. गिअर आणि तेलाचे ब्रेक शिकलेल्या कारागिराला पुढे काम कमी पडणार नाही. त्या शिक्षणाचा खर्च ट्रकमालक व्यापाऱ्याने उचलला तर तो वाया जाणार नाही.

भांडवल एकाकडे असते, गाडी दुसऱ्याकडे, हुन्नर तिसऱ्याकडे. आपल्या समाजात हे तिघे एकाच गल्लीत राहतात आणि तरी वेगवेगळे धंदे करून वेगवेगळे बुडतात. पुढच्या वेळी पंजाबात परतीचे भाडे शोधत उभे राहाल तेव्हा आधी कागदावर मांडा : गाडीचे भाडे किती, जोडणी किती, पैसा किती महिने अडकेल आणि मिस्त्रीचा वाटा किती. एवढे सगळे वजा करून काही उरत असेल तर बेशक सायकली भरा. उरत नसेल तर दुसऱ्याचा माल भरून, बिल्टी घेऊन घरी या.